पडद्याकडे पाठ

व्हिडिओ दाखवणारा माणूस स्वतःच पडद्याकडे पाठ करून बसलेला तुम्ही कधी पाहिलाय? नसेल, तर रविवारी संध्याकाळी कर्वेनगरला आमच्या सोसायटीत या. पार्किंगच्या दोन खांबांना पांढरी चादर बांधलेली असते. समोर सतरंजीवर बिल्डिंगमधली चिल्लीपिल्ली आणि चादरीच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बागवान काका.

काकांचं बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद केल्यावर त्यांनी कुठूनसा एक बिघडलेला प्रोजेक्टर आणला, खोलून ठीक केला आणि मुलांना व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. मुंग्या पूल कसा करतात, एक पाय नसलेली मुलगी डोंगर कशी चढते, रॉकेट कसं उडतं. लॅपटॉपपाशी मी. "तू फार बोलत नाहीस. म्हणून बटण तुझ्याकडे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही.

बटणाचं काम सोपं नव्हतं. रॉकेटखाली धूर निघाला की काकांचा हात वर. "थांबव! बोला, आता काय होणार?"

"उडणार!"

"फुटणार!"

"काका, प्लीज! प्ले करा ना!"

"घाई कुणाला आहे? ओवी, उद्या तुला ऑफिस आहे का?"

ओवी सीनिअर केजीत. चार मिनिटांच्या व्हिडिओला आमच्याकडे तासभर लागायचा. आणि काका एकदाही मागे वळून बघायचे नाहीत. तरी नेमक्या क्षणी हात वर! घरी सराव करून येत असतील, असं मी मनात धरून चालले होते.

मग तो रविवार आला. पडद्यावर कोकणातला समुद्रकिनारा. पहाट, ओली वाळू, जवळ एक उलटी टोपली. कुणीतरी टोपली उचलली. वाळू नुसती स्वस्थ. आणि मग ती हलली.

"थांबव!"

"खेकडा!" "साप!" "भूत!" अर्णवने तर पैज लावली, की आतून माणसाचा हात येणार. काका उठले, प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, "उरलेलं पुढच्या रविवारी."

पार्किंगमध्ये जो आरडाओरडा झाला, तो वॉचमन अजून सांगतो.

आठवडाभर मुलं दुसरं काही बोलेनात. शेवटी साठे काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओची लिंकच टाकली. "मुलं जेवत नाहीत. दाखवून टाका आणि विषय संपवा."

काकांनी ते वाचलं. रविवारी चादर बांधताना त्यांची नेहमीची कुरकुर नव्हती. सतरंजी रिकामी. काका उगाच एक गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

"आता कशाला येतील?" ते म्हणाले. "शेवट खिशात मिळाल्यावर इथे डास चावून घ्यायला?"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सगळी टोळी धावत आली. ओवी सर्वांत पुढे.

"काका, मी नाही बघितलं! आईने फोन समोर धरला, मी डोळे गच्च मिटले!"

"मी कान पण बंद केले!" अर्णव ओरडला. "आता लवकर लावा!"

"घाई कुणाला आहे?" काका म्हणाले.

"आम्हाला!"

मी बटण दाबलं. वाळूतून एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं. मग कासवाच्या पिल्लांचा नुसता सडाच! ती समुद्राकडे निघाली आणि मुलं सतरंजीवर उभी राहून ओरडायला लागली. "चल, चल!" "अरे, तो उलटा पडला!" "ऊठ ना रे!" मीही ओरडत होते, हे मला नंतर कळलं. काकांचा हात या वेळी वर झालाच नाही.

आवरल्यावर प्रोजेक्टर त्यांच्या घरी पोचवायला मी वर गेले. जिन्यात धीर करून विचारलं, "काका, तुम्ही कासवं पाहिलीत तरी का?"

"पाहिली की. ओवीच्या तोंडावर." ते हसले. "अगं, लोकांच्या घरी टीव्ही दुरुस्त करायला जायचो. मी मागे तारांत आणि त्यांची पोरं समोर. चित्र आलं की आधी पोरांचे चेहरे उजळायचे. तेवढं बघून मी स्क्रू आवळायचो. तीच सवय."

म्हणजे हात नेमका कधी वर करायचा, ते त्यांना असं कळत होतं.

त्यांच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही होता, भरतकामाच्या कव्हरखाली झाकलेला. कव्हरवर धूळ होती.

"हा चालत नाही?"

"चालतो की. चांगला चालतो." काकांनी प्रोजेक्टर माझ्या हातातून घेतला आणि टीव्हीशेजारी ठेवला. "पूर्वी समोर तुझी काकू बसायची. आता एकट्याला कसं कळणार, चित्र आलंय ते?"