सोवळ्यातली टंकी

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला जेमतेम सव्वा तास उरला असताना माधव नगरात भय्यासाहेबांच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला. पुरण वाटून तयार होतं, पोळ्या व्हायच्या होत्या. नंदाताईंनी शेगडी आणि गॅसची टंकी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि सुनेकडे असं पाहिलं, की वास जणू तिनेच माहेराहून आणला होता. जयूचं सासरचं हे पहिलंच वर्ष. आज नैवेद्य चुकला तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे तिने ओळखलं. चूल पेटवावी म्हटलं, तर गॅस आल्याच्या आनंदात सासूबाईंनी ती कधीच मोडून टाकली होती.

भय्यासाहेब धावत जाऊन दिलीप मेकॅनिकला घेऊन आले. पण स्वयंपाक सोवळ्यातला. नंदाताई आणि जयू सोडून कुणालाच आत मज्जाव; खुद्द यजमानांनासुद्धा सकाळचा चहा उंबऱ्याबाहेर मिळाला होता. दिलीप बाहेरच उकिडवा बसला.

“बहूजी, पाइप पे साबुन का झाग लगाओ. जहाँ बुलबुला उठे, वहीं लीक.”

“साबण?” नंदाताई कडाडल्या. “त्यात चरबी असते! माझ्या सोवळ्याला साबण शिवायचा नाही.”

“अगं, टंकी लीक होऊन राहिलीय!” भय्यासाहेब कळवळले.

“मग बिनचरबीचा आणा.”

भय्यासाहेबांनी फ्रीगंजच्या दुकानांकडे स्कूटर पिटाळली. देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना खुला झाल्यापासून दोन-तीन वर्षांत साबणांना नुसता ऊत आला होता. दुकानदाराने रंगीबेरंगी वड्यांची चळत मांडली.

“भैया, इसमें चर्बी तो नहीं?”

“अंकल, इसमें मलाई है, बादाम है, केसर है!”

हा साबण लावायचा की नैवेद्याला वाढायचा, हेच त्यांना कळेना. चार वड्या घेऊन ते परतले. नंदाताईंनी उंबऱ्याआडूनच वेष्टनं न्याहाळली.

“किती बारीक लिहिलंय बघा. लपवायचं असतं तेव्हाच असं लिहितात. परत करा.”

साडेअकरा वाजले; नैवेद्य बाराचा. दिलीप म्हणाला, “माताजी, मेरे को चार घर और जाना है.” भय्यासाहेबांनी घाम पुसला. जयूने हिशेब केला: आता बोललं तर सासूबाई रागावतील, न बोललं तर जन्मभर ऐकवतील. तिने धीर एकवटला.

“आई, रागावू नका. आज सकाळी अंघोळ कशानं केलीत?”

भय्यासाहेब छताकडे पाहू लागले.

“चंदनाच्या साबणानं,” नंदाताई पुटपुटल्या. मग लगेच सावरून म्हणाल्या, “पण अंगावरचा धुऊन टाकतो आपण!”

“मग नळीवरचाही धुऊ.”

घड्याळाकडे, मग महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांकडे पाहून नंदाताई म्हणाल्या, “आण. माझाच आण.”

जयूने टंकी चालू करून नळीला फेस लावला. शेगडीकडच्या टोकाला टपोरा बुडबुडा फुगला. दिलीपने स्क्रू पिळायचा पेचकस उंबऱ्यातून सरकवला, नंदाताईंनी त्यावर पाणी शिंपडलं आणि जयूने त्याच्या सांगण्याबरहुकूम नळीचा पट्टा आवळला. पुन्हा फेस लावला, बुडबुडा नाही. भय्यासाहेबांच्या जिवात जीव आला.

जयू ओलं फडकं घेऊन नळी पुसू लागली.

“नुसती नळी काय पुसतेस?” नंदाताई पदर खोचत म्हणाल्या. “तो साबण दे इकडे. सगळ्या टंकीलाच अंघोळ घालू. सकाळपासून पारोशीच बसलीय मेली माझ्या सोवळ्यात!”