उजव्या हाताला रुमाल

दातारकाका उजवा हात रुमालाने पोटाशी बांधून घरभर हिंडायचे. एकदा रजिस्टर आलं, तर कागद हनुवटीने दाबून डाव्या हाताने सही केली. पोस्टमन घाबरला. "आजोबा, लागलं का हाताला?" काका म्हणाले, "छे हो, सराव चाललाय."

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, त्या सावरल्या, पण उजवा हात कायमचा गेला. स्वयंपाकघरात कोणाची लुडबुड न खपणारी बाई, तिला कांदा चिरता येईना. त्यात डाव्या हाताने जेवायची लाज, म्हणून चारचौघांत पानावर बसणंच त्यांनी सोडलं. काका कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी स्वतःचा हात बांधला आणि घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली. "एका हाताने होतंय? नाही ना? मग नापास."

आमच्याकडे चहाला आले तरी तेच. बरणीचं झाकण नापास, माझा नवाकोरा कुकर नापास. "काका, चहा तरी पास करा," मी तोंडावर म्हटलं.

पण त्यांनी लाकडी पाटाला टोकं वर येतील असे खिळे ठोकले, त्यांवर कांदा रुतवून काकू चिरू लागल्या. परातीला खालून सायकलची ट्यूब चिकटवली, कणीक मळताना परात पळायची थांबली. माझी लेक तेव्हा कडेवरून उतरायची नाही, म्हणजे मलाही एकच हात. मी ती परात मागून आणली आणि परत द्यायचं नावच घेईना. मग काय, बिल्डिंगमधल्या सगळ्या लेकुरवाळ्या काकांच्या दारात. काकू ऐटीत सांगायच्या, "आधी मी वापरून बघणार, मग तुम्हाला."

"सगळं जमलं गं," काका एकदा मला म्हणाले, "पण पंगतीत कुठे खिळे ठोकू?"

सोसायटीच्या सत्यनारायणाला काकू आल्या, पण गच्चीवर पानं मांडल्यावर गुपचूप जिन्याकडे निघाल्या. काकांनी पाहिलं. ते पहिल्याच पानावर बसले, खिशातून रुमाल काढला, सगळ्यांदेखत दातांनी गाठ मारून उजवा हात बांधला आणि डाव्या हाताने वरणभात कालवायला लागले. कुणीतरी खाकरलं. भात सदऱ्यावर, वरण मांडीवर.

काकू जिन्यात थांबल्या. मग तरातरा परत आल्या.

"अहो, इतके दिवस काय सराव केलात?" असं म्हणत त्या शेजारच्या पानावर बसल्या. "असा नाही, घास छोटा घ्या. हे बघा."

आणि त्यांनी घेऊन दाखवला.