तात्यांचा शेजार

शमुवेल तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत पाऊल टाकायचं तर आधी फाटकापाशी ठेवलेल्या घमेल्यात पाय बुडवावे लागत. घमेल्यात औषधाचं पाणी. चपला असोत की बूट, सूट कुणालाच नाही. एकदा चर्चचे पाळक नवे कोरे बूट घालून प्रार्थनेला आले. तात्या म्हणाले, "प्रभूचं काम मागनं. आधी पाय बुडवा." पाळकांनी फाटकाबाहेरूनच प्रार्थना आटोपली.

"तेल्याला पाय न्हाईत. तुमचे हायेत," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. तेल्या म्हणजे डाळिंबावरचा तेलकट डागांचा रोग. तो शिरला की फळं तडकतात आणि बागेचा भाव बसतो. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तरी तात्या नवरदेव कोण हे विचारत नसत. "येताना कुनाच्या बागंतून आलास?" एवढंच.

इतकं करूनही यंदा तेल्या त्यांच्याकडेच आला. "घमेल्यात पाय बुडवून आला असंल," गाव म्हणालं.

मी कोल्हारच्या बाजूला शेतजमिनींचे व्यवहार जुळवून देतो. तेव्हा माझ्याकडे तात्यांच्या शेजारणीचं, सुमनकाकूंचं काम होतं. काकू एकट्या, गुडघे गेलेले. बाग विकून नाशिकला लेकीकडे कायमचं जायचं होतं. त्यांची झाडं अजून नितळ होती. नगरचं गिऱ्हाईक आलं, बाग पाहून खूश झालं आणि बांधावर थांबून म्हणालं, "शेजार कसा आहे?" आमच्या धंद्यात शेजार म्हणजे माणूस नव्हे, पलीकडची झाडं. त्याने तात्यांची फळं पाहिली. "जिराईताच्या भावात देत असाल तर बोला," म्हणाला.

त्या भावात काकूंना लेकीच्या दारी रिकाम्या हाताने जावं लागलं असतं, आणि तसं त्या जाणार नव्हत्या.

मी तात्यांकडे गेलो. काही मागायला नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. "तुमच्या बागेमुळं काकूंचा भाव पडला," एवढंच बोललो. ते वाक्य अजून मला टोचतं. रोज संध्याकाळी बांधापलीकडून तात्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं, हे मला ठाऊक होतं. भाव आला नाही तर ते माणूस इथंच राहणार, हेही.

तात्यांनी एक डागाळलेलं फळ तोडून हातात घेतलं.

"जेसीबी कवा येईल?"

"तात्या, फवारून तरी बघा. बाग वाचेल."

"माजी वाचंल. तवर बाईंच्या झाडांना लागन हुईल."

"घाईनं ठरवू नका."

"ठरलंय. बाईंनी इचारलं तर म्हनावं, म्हातारा फवारून कटाळला."

जेसीबी आला. झाडं मुळासकट निघाली, बांधापासून दूर नेऊन जाळली. तात्या शेवटचं खोड विझेपर्यंत उभे होते. एका फांदीलाही कुणाला हात लावू दिला नाही. पुढं काकूंच्या बागेला चांगला भाव आला. माझी दलाली मी घेतली. नको म्हणालो असतो तर काकूंना कारण सांगावं लागलं असतं, असं मी म्हणतो खरं.

परवा तात्यांकडे गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते. मोकळ्या रानापलीकडे काकूंचं घर, दाराला कुलूप.

"झाडं हुती तवा बाईंचं घर दिसत नव्हतं," तात्या म्हणाले. "नुसती हाक यायची."

त्यांनी मोकळ्या रानाकडे हात केला.

"आता घर दिसतंय."