याकोबकाका आणि त्यांचा अथानासियस

२३ डिसेंबर. नाताळाच्या करंज्या करायला बसले होते. कडा कापायचं कातणं दरवर्षी शेजारच्या याकोबकाकांच्या हाती. हात सफाईचा, फक्त सोबत अथानासियस ऐकावा लागतो.

हा अथानासियस म्हणजे फार जुन्या काळातला अलेक्झांड्रियाचा बिशप. येशू ही देवाची निर्मिती नव्हे, तो स्वतः देवच, यावर तो अडून बसला. त्यापायी पाच वेळा हद्दपार झाला. काकांना चर्चच्या कमिटीतून तीनदा काढलंय. ‘‘दोन बाकी हायेत,’’ म्हणतात.

त्यांचा धोशा एकच : ‘‘जन्मलेला, घडवलेला नाही!’’ नवे पाळकसाहेब एकदा प्रार्थनेत म्हणून गेले, देवानं येशूला बनवून पाठवलं. काका मागच्या बाकावरून गरजले, ‘‘बनवून? तो काय समोसा हाय?’’ अख्ख्या अमरावतीला ऐकू गेलं असेल.

या धोशालाच त्यांची लेक रूथ घाबरली होती. सकाळीच अकोल्याहून तिचा फोन आला. ‘‘मार्थाताई, आमी बाळ दत्तक घेऊन राहिलो. उद्या घरी आणतो. बाबाले तुमीच सांगा. ते म्हणतील, आपल्या घरी जन्मलेलं नाही, मले नको.’’

आडवळणं मला जमत नाहीत. सारण भरता भरता सांगून टाकलं. कातणं थांबलं. कढईतल्या करंज्या लाल व्हायला लागल्या, त्या मी काढल्या.

‘‘मार्था,’’ काका म्हणाले, ‘‘पोरीनं माहं अर्धंच ऐकलं काय? देवाचा जन्मलेला लेक येशू एकच. बाकी आपण समदे दत्तक. आपल्याले घरात घ्यासाठीच तर तो माणूस झाला. अथानासियस दुसरं काय सांगून राहिला?’’

‘‘तुम्ही अर्धंच ओरडता, काका.’’

‘‘असं काय?’’ त्यांनी कातणं खाली ठेवलं. मग हळूच, ‘‘पोरगा हाय का पोरगी?’’

‘‘पोरगी.’’

तसे उठून घरी गेले. परतले ते मुठीत लोकरीचं टोपडं घेऊन. काकूंनी शेवटच्या आजारपणात नातवंडासाठी विणलेलं. ‘‘रूथले कधी दाखवलं नाही. तिले वाटलं असतं, बाप घाई करून राहिला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना स्कूटरवर घेऊन बडनेरा स्टेशन गाठलं, अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. घरी येऊन उरलेल्या करंज्या मीच कातल्या. कडा वाकड्या आल्या.