खैरनारकाकांचा जेलफा जिल्हा

खैरनारकाकांना दोह्यात स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नसे, पण अल्जीरियातल्या जेलफा जिल्ह्याचे बाराही तालुके त्यांना तोंडपाठ होते. वर्ल्डकपची तयारी चाललेली, रोज सकाळी कुठला ना कुठला रस्ता बंद. त्यांच्या गाडीतून मी एकदा अबू हमूरच्या चर्चला तीन प्रदक्षिणा घातल्या आहेत, आणि तिन्ही फेऱ्यांत यांचं व्याख्यान सुरूच. "उत्तरेला ऐन उसेरा, मधे हासी बहबह, दक्षिणेला मेसाद. आहे काय त्यात अवघड?" मी म्हटलं, काका, अवघड अल नस्र आहे, आपण तिथं राहतो.

काका मूळचे सटाण्याचे. माझ्याच ऑफिसात सर्व्हेअर, आणि राहायला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, एकटेच. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. "आधी हद्द सांगा" हे त्यांचं पालुपद. माझी बायको एकदा म्हणाली, काल आम्ही द पर्ल बेटावर जाऊन आलो. "कुठून कुठपर्यंत? आधी हद्द सांगा." बिचारी आइस्क्रीम खायला गेली होती.

त्यांच्या हॉलच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला जेलफाचा नकाशा होता. "विलाया म्हणजे आपला जिल्हा. त्याच्यावर वाली, म्हणजे आपला कलेक्टर. दायरा म्हणजे तालुका. आणि बलदिया म्हणजे नगरपालिका समजा, त्या छत्तीस. आपल्या महाराष्ट्राचे जिल्हे किती? छत्तीस. उगाच नाही, भाऊ." उगाच नाही म्हणजे काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ऑफिसातल्या अल्जीरियन इंजिनिअरची त्यांनी परीक्षाच घेतली. तो समुद्रकाठच्या अल्जिअर्सचा, चार नावांवर गाडी अडली. "खलास, खलास," म्हणत त्यानं डबा उचलला तो पुन्हा आमच्या टेबलावर आला नाही.

बरं, काका जेलफाला कधी गेले होते का? तर नाही. का शिकता हे सगळं, विचारलं की म्हणायचे, "अभ्यास."

दुसरी खोड म्हणजे दिवाळीचा फराळ. तो त्यांच्याकडे फेब्रुवारीत मिळायचा. खवट शंकरपाळे, मऊ पडलेला चिवडा. मी मनातल्या मनात कंजूष म्हणायचो. आता लाज वाटते.

त्या फेब्रुवारीत त्यांची गाडी बिघडली म्हणून मी त्यांना पोस्टात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मल्याळी माणसानं एक चेपलेलं खोकं पुढं सरकवलं. त्यावर काकांच्या सुबक इंग्रजी अक्षरात पत्ता: प्राजक्ता खैरनार, मुक्काम पोस्ट देलदुल, तालुका मेसाद, जिल्हा जेलफा. वर शिक्का, पत्ता अपुरा.

"अंकल, हर साल वापस आता है," तो म्हणाला. "घर का नंबर लिखो, फोन लिखो, कुछ तो लिखो."

"आमच्याकडे मु. पो., ता., जि. लिहिलं की पत्र थेट ओट्यावर येऊन पडतं," काका मला मराठीत म्हणाले. "माझा तालुकाच चुकत असणार. यंदा पुन्हा बघतो."

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. प्राजक्ता त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी तिनं जेलफाच्या एका मुलाशी लग्न केलं. "या घराची हद्द ओलांडलीस, आता मागं फिरू नकोस," असं काका तिला म्हणाले, आणि पोरगी बापाचीच, फिरली नाही. तिकडे पोचल्यावर तिचं एक कार्ड आलं. तिच्या पत्त्यावर शिक्के बसलेले, तीनच शब्द वाचता येत होते: देलदुल, मेसाद, जेलफा. काकांनी रागापोटी उत्तर दिलं नाही. पुढच्या दिवाळीपासून फराळाचा डबा पाठवायला लागले.

"फोन नंबर शोधला नाहीत?"

"फोनवर तोंड उघडावं लागतं, भाऊ. डबा पोचला असता, तर तिचं तिलाच कळलं असतं."

माझ्या बायकोनं फेसबुकवर प्राजक्ताला दहा मिनिटांत शोधलं. शुक्रवारी दुपारी काकांना आमच्याकडे जेवायला बोलावलं आणि पान वाढायच्या आधी प्राजक्ताला फोन लावला. मी स्पीकर चालू करून फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"मी बाबा," काका म्हणाले. "देलदुलला थंडी आहे का गं?"

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, आम्ही तिथं नाही राहत. पाच वर्षं झाली. आम्ही मार्सेलला असतो, फ्रान्समध्ये."

काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पाच वर्षं हा माणूस रिकाम्या घराचा तालुका शोधत बसला होता.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तेव्हाच चुकलं होतं."

"बाबा, राहू द्या आता." ती म्हणाली. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज फ्रेंचमध्ये काहीतरी विचारायला लागला.

"कोण गं ते?"

"तुमचा नातू. सहा वर्षांचा आहे. कोणाचा फोन म्हणून विचारतोय. देऊ का त्याला?"

"दे, दे." मग एकदम थांबून, "त्याला मराठी येतं?"

"नाही, बाबा. हिंदीही नाही. इथं कुणाशी बोलणार होता तो?"

"मग मी काय बोलू त्याच्याशी?"

पण तोवर फोन बहुतेक पोराच्या हातात गेला होता. "अलो?" तो म्हणाला. "अलो?" काकांनी टेबलावरचा फोन दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरला आणि ते नुसतेच ऐकत राहिले.