राक्षसाची खोली

लहान मुलांना कल्पनाशक्ती उपजतच असते, हे शिक्षणखात्याने फार पूर्वी मान्य केले आहे. तिचा वेळीच बंदोबस्त व्हावा म्हणून तिसरीच्या वेळापत्रकात दर गुरुवारी चौथ्या तासाला 'मुक्तलेखन' हा उपक्रम ठेवलेला आहे. (मुक्तलेखनाला गैरहजर राहायचे असल्यास डॉक्टरांचा दाखला लागतो.)

या उपक्रमात तिसरीच्या बाईंचा हात धरणारे शाळेत कोणी नव्हते. एकोणीस वर्षांच्या अनुभवातून त्यांनी चाळीस मिनिटांची चोख वाटणी बसवली होती. समास आखून तारीख घालायला दहा मिनिटे, शीर्षक लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारायला पाच, चित्र काढून रंगवायला पंधरा आणि फळ्यावरचा बोध उतरवून घ्यायला पाच. उरलेली पाच मिनिटे संपूर्णपणे कल्पनाशक्तीला बहाल केलेली असत. त्यातली दोन पेन्सिलीला टोक करण्यात जात, त्याला बाईंचाही नाइलाज होता.

बोध आधी लिहायचा, ही त्या शाळेची खास पद्धत. पूर्वी मुले आधी गोष्ट लिहीत आणि मग बोध शोधत बसत. अशाने गोष्टी भलतीकडे जात. एका वर्षी तर एका मुलाच्या गोष्टीतला चोर पकडलाच गेला नाही आणि वर सुखाने झोपला. ते प्रकरण मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत गेले होते. तेव्हापासून बोध आधी ठरतो आणि गोष्ट खाली मान घालून त्याच्याकडे चालत येते.

त्या गुरुवारी विषय होता, 'आमच्या घरी राक्षस आला तर'. बोध, 'पाहुण्यांचे प्रेमाने स्वागत करावे'. वर्गात एक्केचाळीस मुले. चाळिसांनी राक्षसाचे यथास्थित स्वागत केले. त्यांतले छत्तीस राक्षस तिसऱ्या ओळीपर्यंत शाकाहारी झाले, तिघांनी दोन वेळा दात घासायचे कबूल केले आणि एक आईला भांडी घासू लागला. (हा मुलगा घरून तयारी करून आला असावा.)

उरली खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी. ही एरवी अशी की, हजेरी घेतानाच काय तो तिचा आवाज कानावर यायचा. तिने लिहिले होते:

'राक्षस आला तर तो आजीच्या खोलीत राहील. ती खोली रिकामी आहे. आजीला गावाला सोडलं असं आईबाबा सांगतात. आम्हाला गाव नाही. राक्षस खूप मोठा आहे, तो गाडीत मावत नाही. म्हणून त्याला कोणी सोडून येणार नाही.'

बाईंनी ते पान उभ्याने वाचले आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचले. एकोणीस वर्षांत असे पान त्यांच्या हाती आले नव्हते, त्यामुळे ते तपासायचे कसे याचीही सवय नव्हती. त्यांनी गुणतक्ता काढला. विशेषणे किमान पाच हवीत; दोनच होती. बोध नाही. स्वागत असमाधानकारक. 'कल्पनाविस्तार' या रकान्यापाशी लाल पेन अडले. तक्त्यात स्वच्छ लिहिले होते, 'खऱ्या घटनेस गुण देऊ नयेत.' शेवटी अक्षराला एक आणि समासाला दोन असे वीसपैकी तीन गुण देऊन त्यांनी वही सहीसाठी घरी पाठवली आणि त्या पाणी प्यायल्या. (असे पान तपासल्यावर काय करावे, हे तक्त्यात नाही.)

दुसऱ्या दिवशी आईवडील मोठ्या बाईंच्या खोलीत हजर. तिसरीच्या बाईंना बोलावणे गेले.

"हे काय लिहून घेता हो मुलांकडून?" आईने वही पुढे केली.

"मी कुठे लिहून घेतलं? तिचं तिनंच लिहिलंय."

"कल्पनाशक्ती जरा जास्तच आहे कार्टीची," वडील हसत म्हणाले. "आमची आई मजेत आहे गावाला."

"कल्पनाच आहे ना? मग गुण वाढवावे लागतील," बाई म्हणाल्या. नियम त्यांना पाठ होते. "अठराच्या वर गेले, की पान पालकदिनाला भिंतीवर लागतं. शाळेच्या अंकातही छापतात."

आईने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी स्वतःच्या बुटांकडे.

"नको, नको. तीनच राहू द्या."

"तीन ठेवले तर 'खरी घटना' असा शेरा मारावा लागतो हो."

अखेर मोठ्या बाईंनी मार्ग काढला. "त्यात काय एवढं? पुन्हा लिहून घ्या तिच्याकडून. अगदी मुक्तपणे."

"पण मोठ्या बाई," तिसरीच्या बाईंच्या तोंडून निघून गेले, "पान चांगलं आहे."

"चांगलं आहे हो. मी कुठे नाही म्हणते? पण चांगल्याला रकाना कुठाय?"

बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. खरेच नव्हता.

मधल्या सुट्टीत बाई त्या मुलीला घेऊन बसल्या.

"बाई, आजीला कुठे ठेवू?"

"गावाला ठेव, बाळा."

"कुठल्या?"

"कुठल्याही. सुंदर, हिरव्यागार गावाला."

मुलगी शहाणी होती. तिने 'सुंदर, हिरवेगार, शांत, स्वच्छ व आनंदी गाव' असे लिहून पाचही विशेषणे एका दमात भरली. राक्षसाला सरबत दिले. बाईंनी वीसपैकी वीस दिले. वही मिटता मिटता मुलीने विचारले, "बाई, आता आजीला कळवायचं का? ती कुठे राहते ते?"

या प्रश्नाला गुण नसल्याने बाईंनी वही उचलून गठ्ठ्यात ठेवली.

पालकदिनाला ते पान भिंतीच्या मधोमध लागले. आईवडिलांनी मुलीला मधे घेऊन त्याच्याखाली फोटो काढले. अभिप्रायाच्या वहीत सदतीस जणांनी 'मन भरून आले' असे लिहिले. मुलगी आता कोणी न सांगता बोध आधी विचारते.

तुम्हीही आला होतात. त्या पानापाशी थांबून "किती गोड लिहिलंय!" म्हणालात. मग तुम्ही आपल्या मुलाचे पान शोधलेत, आणि घाईघाईने बोट फिरवत तुमच्याकडचा राक्षस कुठल्या खोलीत उतरलाय, ते पाहिलेत. तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपला होता, कोणाच्या रिकाम्या खोलीत नव्हे. तुम्ही हुश्श केलेत. बाई तेव्हा तुमच्या मागेच उभ्या होत्या.