सनाचं वजन आणि मौलाभाईंचा काटा

मौलाभाईंच्या सुनेनं, सनानं, आठव्या महिन्यात गुळाच्या काट्यावर चढावं असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करून एवढंच म्हणाल्या होत्या, "बाळाचं वजन महिन्याच्या मानानं थोडं कमी वाटतंय. पंधरा दिवसांनी वाढ परत बघू."

"न तोलताच वजन कसं सांगताय तुमी?" मौलाभाईंनी विचारलं.

"डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतो, त्यावरून अंदाज काढतो. दहा टक्के कमीजास्त होतं."

"धा टक्के? माझा काटा एवढा हलला तर मार्केटातली माणसं मला उभा चिरतील की!"

मार्केट यार्डासमोर त्यांचं काटेदुरुस्तीचं दुकान. मौलाभाईंचा काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी ख्याती. आणि तिचा त्यांना माज म्हणावा इतका अभिमान. बाळाला तोलता येत नाही, पण आईला येतं. आई वाढली म्हणजे बाळ वाढलं, असा सरळ हिशेब करून ते रोज सकाळी सनाला गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायच्या काट्यावर उभं करू लागले. नवरा तोहिद नोकरीसाठी चाकणला, त्यामुळे बापाला अडवणारं कुणी नव्हतं.

मार्केटात गोष्ट लपते थोडीच! कोडोलीहून गूळ घेऊन येणारे बाळासो सौद्याआधी दुकानात डोकावू लागले. "काय मौलाभाई, आज सूनबाई किती भरली?"

एका सकाळी काटा खाली आला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. बाळासोंनी म्हशीचं दूध धाडलं, एका व्यापाऱ्यानं खारीक-बदाम दिले, सासू सलमा पायाचं सूप घेऊन मागं लागली. सनाला दोन घास जास्त झाले की जळजळायचं. त्याहून वाईट म्हणजे, काटा उतरला की मौलाभाई जेवायचेच नाहीत. ताट पुढ्यात घेऊन नुसते बसायचे.

मग अचानक काटा चढू लागला. दुकानातली वजनं एकेक करून गायब होऊ लागली आणि सना भरू लागली. पण मौलाभाईंना या दोन गोष्टींचा संबंध काही लागला नाही. त्यांनी पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात नर्सनं सनाला वजनकाट्यावर उभं केलं. आदल्या दिवसापेक्षा दोन किलो कमी!

"सिस्टर, तुमचा काटा बाद हाय," म्हणत मौलाभाईंनी खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढला. नर्स ओरडेपर्यंत काटा उलटा झालाही होता. त्यांनी तो तपासला, स्वतः चढून बघितलं. काटा चोख होता.

"म्हंजे माझाच चुकला," ते बाकावर बसत म्हणाले. एवढा आडदांड माणूस, पण पार खचून गेला.

सनाला ते बघवेना. "अब्बा, तुमचा काटा न्हाय चुकला. मीच खिशात वजनं घालून चढत हुते."

"का गं पोरी?"

"काटा उतरला की तुमी जेवत न्हवता."

तेवढ्यात आतून हाक आली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सगळं मोजलं आणि हसल्या. "छान वाढलंय बाळ. आईचं वजन फारसं वाढलं नाही म्हणून त्याचं काही अडलेलं नाही."

मौलाभाईंनी डोळे पुसले. आपल्याच दुकानातल्या वजनांनी आपल्याला फसवलं याचा राग यायला हवा होता. तो काही येईना.

दुसऱ्या दिवशी बाळासो आणि चार-पाच हमाल दुकानात हजर झाले. "चला, सूनबाई, चढा की!"

सना दारातच थबकली. रिकाम्या खिशानं चढली तर सगळ्या मार्केटात हसं होणार होतं.

मौलाभाईंनी काट्यावर पोतं टाकलं. "बाळ झकास हाय. आता तोलायचं न्हाय."

"का ओ?"

"काटा बिघडलाय."

"मौलाभाईंचा काटा? आनि बिघडला?" बाळासोंचा विश्वास बसेना. "मग दुरुस्त करा की!"

"न्हाय," मौलाभाई म्हणाले. "सूनबाई बाळंत हुईपतूर ह्यो बिघडल्यालाच ऱ्हानार."